ओळख कर्जाला, कागद ठेवीला

तालुक्याच्या गावात पैसे ठेवायच्या जागांची वानवा नसते. एसटी स्टँडपासून बाजारपेठेपर्यंत चालत गेलं तर एखाद-दुसरी राष्ट्रीयीकृत बँक, जिल्हा मध्यवर्ती बँकेची शाखा, गावाच्या नावाची नागरी सहकारी बँक, ग्रामीण बँक, पोस्ट ऑफिस, चार-पाच पतसंस्था, एखादी मल्टीस्टेट आणि अलीकडे एखादी ‘अर्बन निधी लिमिटेड’ अशा पाट्या ओळीनं दिसतात. आत गेल्यावरही सगळीकडे जवळजवळ सारखंच दृश्य असतं. काउंटर, पासबुक, मुदत ठेवीची छापील पावती, सोनेतारणाचा फलक, भिंतीवर व्याजदरांचा तक्ता. निवृत्तीची रक्कम हातात आलेले शिक्षक, जमिनीच्या संपादनाचा मोबदला मिळालेला शेतकरी किंवा मुलाच्या शिक्षणासाठी दर महिन्याला बाजूला टाकणारी दुकानदारीण यांच्यापुढे प्रश्न येतो, की यांपैकी कुठे जावं. बहुतेक वेळा उत्तर ठरतं ते ओळखीवरून. चेअरमन कोण आहेत, मॅनेजर कोणाचा मुलगा, आपल्या आळीतला पिग्मी एजंट कोणत्या संस्थेचा, एवढं समजलं की मन निर्धास्त होतं. या लेखात मांडायचं आहे ते एवढंच, की ओळख ही लहान गावातली फार मोलाची गोष्ट असली तरी तिचा उपयोग कर्ज घेताना होतो, ठेव ठेवताना नाही. ठेव ठेवायची ती संस्था कोणत्या कायद्याखाली चालते, तिच्या ठेवींना विमा आहे का आणि तिचा ताळेबंद काय सांगतो, हे पाहून.

आधी ओळखीची बाजू नीट समजून घेतली पाहिजे, कारण ती खोटी नाही. कर्ज देणाऱ्याला सर्वांत कठीण जातं ते समोरचा माणूस फेडील की नाही हे ओळखणं. दूरच्या मुख्यालयातून चालणारी बँक त्यासाठी आयकर विवरणपत्र, सिबिल स्कोअर आणि तारण यांवर अवलंबून असते. चहाची टपरी, रसवंती, चार यंत्रमाग किंवा दहा म्हशी यांच्यावर संसार चालवणाऱ्याकडे यांतलं फारसं काही नसतं. त्याची पत असते ती लोकांच्या बोलण्यात. उधारी वेळेवर देतो का, दारू पितो का, भावाशी जमिनीचा वाद चालू आहे का, जामीनदार म्हणून सही करणारा माणूस खरंच पैसे भरण्यासारखा आहे का, हे गावातल्या शाखाधिकाऱ्याला किंवा संचालकाला माहीत असतं. इचलकरंजीसारख्या यंत्रमागाच्या गावात सहकारी बँका उभ्या राहिल्या आणि त्यांतल्या काही टिकल्या, त्यामागे स्थानिक माहितीचं हे बळ आहे. लहान व्यापाऱ्याला कॅश क्रेडिट मिळवायचं असेल तर गावच्या बँकेत खातं असावं, त्यात उलाढाल दिसावी, हा सल्ला आजही योग्यच आहे.

पण ही माहिती वाहते एकाच दिशेनं. कर्जदार कसा आहे हे संस्थेला कळतं. संस्थेनं आपले पैसे कोणाला दिले, किती दिले, त्यांतले किती परत येत नाहीत, हे ठेवीदाराला चेअरमनच्या ओळखीतून कळत नाही. चेअरमन सज्जन आहेत, लग्नकार्याला येतात, अडीअडचणीला धावतात, हे सगळं खरं असूनही त्यांच्या संस्थेची निम्मी कर्जं थकलेली असू शकतात. माणूस म्हणून त्यांच्यावरचा विश्वास आणि संस्था म्हणून तिची सक्षमता या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि गावात त्यांची सतत गल्लत होते.

सहकाराच्या सुरुवातीला ही गल्लत नव्हती. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून दख्खनचे दंगे सुरू झाले, शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले. त्या सावकारांची आणि शेतकऱ्यांची ओळख तर पिढ्यान्‌पिढ्यांची होती, पण ती सगळी सावकाराच्या उपयोगाची होती. त्यावर उपाय शोधताना जर्मनीतल्या रायफायझनच्या पतपेढ्यांचा नमुना इथे आला आणि १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. त्या कायद्यातल्या ग्रामीण संस्थांमध्ये सभासदांची जबाबदारी अमर्याद होती. म्हणजे एकानं कर्ज बुडवलं आणि संस्था कोसळली, तर बाकीच्यांच्या मालमत्तेवरही आच येणार होती. त्यामुळे प्रत्येक सभासद दुसऱ्यावर लक्ष ठेवत असे, आणि ओळखीला खरा अर्थ होता. आज पतसंस्थेत ठेव ठेवायला गेलेल्या माणसाला एका अर्जावर सही करून ‘नाममात्र सभासद’ करून घेतलं जातं, कारण कायद्यानं संस्था सभासदांकडूनच ठेवी घेऊ शकते. नाममात्र सभासदाला मत नसतं. अमर्याद जबाबदारीही कोणावर नसते. ज्या रचनेमुळे ओळख आणि सुरक्षितता एकमेकांना बांधलेल्या होत्या, ती रचना गेली. ओळखीवरचा भरवसा मात्र तसाच मागे राहिला.

ओळखीवर ठेव ठेवू नये याचं दुसरं कारण अधिक खोल आहे आणि त्याचा विचार फार कमी होतो. गावच्या संस्थेचे कर्जदार सहसा एकाच अर्थव्यवस्थेत जगतात. उसाचा पट्टा असेल तर शेतकरी, तोडणी कंत्राटदार, ट्रॅक्टरवाला, खतांचा दुकानदार, कापडाचा व्यापारी असे सगळे कारखान्याच्या बिलाकडे डोळे लावून बसलेले असतात. कांद्याचे भाव पडले, हळदीला करपा लागला किंवा यंत्रमाग बंद पडले, तर सगळ्यांचे हप्ते एकाच वेळी चुकतात. मोठ्या बँकेच्या बाबतीत नाशिकचा कांदा पडला तरी कोइमतूरच्या सूतगिरणीचा हप्ता येत राहतो. गावातल्या ठेवीदाराचं उत्पन्नही त्याच अर्थव्यवस्थेतून येतं, म्हणजे जे वर्ष त्याच्यासाठी वाईट तेच त्याच्या संस्थेसाठीही वाईट. अडचणीच्या वर्षासाठी ठेवलेला पैसा नेमका त्याच वर्षी अडकण्याची शक्यता सर्वांत जास्त.

तरीही नुसतं ‘स्थानिक म्हणजे धोक्याचं’ असं म्हणणं चुकीचं ठरेल, आणि कराडचं उदाहरण ते दाखवतं. कृष्णा-कोयनेच्या संगमावरच्या या एकाच गावात कराड जनता सहकारी बँक आणि कराड अर्बन बँक अशा दोन नागरी बँका होत्या. पाऊस तोच, ऊस तोच, बाजारपेठ तीच. कराड जनतावर रिझर्व्ह बँकेनं २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये निर्बंध घातले आणि डिसेंबर २०२० मध्ये तिचा परवाना रद्द केला. कराड अर्बन चालू राहिली. दोन्हीकडच्या संचालकांना गाव ओळखत होतं. ओळखीनं फरक दाखवला नाही, तो फरक भांडवल आणि थकबाकीच्या आकड्यांत होता. त्याच प्रकरणातली दुसरी बाबही लक्षात ठेवण्याजोगी आहे. परवाना रद्द करताना रिझर्व्ह बँकेनं सांगितलं, की ९९ टक्क्यांहून अधिक ठेवीदारांना त्यांची संपूर्ण ठेव विम्यातून परत मिळेल. कराड जनता पतसंस्था असती, तर असं एकही वाक्य कोणाला लिहिता आलं नसतं.

हा विमा देणारी संस्था म्हणजे ठेव विमा आणि पत हमी महामंडळ, अर्थात डीआयसीजीसी. तिच्या जन्माशी विदर्भाचा संबंध आहे. १९६० मध्ये अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, पाठोपाठ केरळातली पलाई सेंट्रल बँकही गेली. देशभर घबराट पसरली आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा सुरू झाला. तेव्हा मर्यादा १,५०० रुपये होती, १९९३ मध्ये ती एक लाख झाली आणि फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख आहे. विम्याचा हप्ता बँक भरते, तो ठेवीदाराकडून घेता येत नाही. राष्ट्रीयीकृत आणि खासगी बँका, ग्रामीण बँका, स्मॉल फायनान्स बँका, जिल्हा मध्यवर्ती बँका आणि रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या नागरी सहकारी बँका या सगळ्यांना हा विमा आहे. पोस्टातल्या बचतीमागे केंद्र सरकार थेट उभं असतं. पतसंस्था, गावची विकास सोसायटी, मल्टीस्टेट क्रेडिट सोसायटी आणि निधी कंपनी यांच्या ठेवींना मात्र या महामंडळाचा एक रुपयाचाही विमा नाही. पतसंस्थेवर देखरेख असते राज्याच्या सहकार खात्याची, मल्टीस्टेटवर दिल्लीतल्या केंद्रीय निबंधकाची, निधीवर कंपनी कायद्याची. रिझर्व्ह बँक त्यांना परवाना देत नाही. जळगावच्या भाईचंद हिराचंद रायसोनी आणि बीडच्या ज्ञानराधा या मल्टीस्टेट संस्थांमध्ये पैसे अडकलेल्या हजारो कुटुंबांना हा फरक कळला तो शाखांना कुलपं लागल्यावर. अमेरिकेतली क्रेडिट युनियन ही आपल्या पतसंस्थेची सख्खी बहीण म्हणावी अशी संस्था, पण तिथे १९७० पासून सरकारी विमा निधी आहे आणि आज प्रत्येक सभासदाच्या अडीच लाख डॉलरपर्यंतच्या ठेवी सुरक्षित असतात. उणीव सहकारात नाही. आपल्याकडच्या पतसंस्थांना असं संरक्षण मिळालं नाही, ही उणीव आहे.

पाटीवरून हा फरक ओळखायला शिकावं लागतं. सहकारी संस्थेला परवान्याशिवाय नावात ‘बँक’ हा शब्द वापरता येत नाही, आणि रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर २०२१ मध्ये तसा जाहीर इशाराही दिला होता. ‘अर्बन’ शब्दावर कोणाची बंदी नाही, म्हणून ‘अमुक अर्बन मल्टीस्टेट को-ऑप. क्रेडिट सोसायटी’ हे नाव लांबून नागरी बँकेसारखं वाटतं. एटीएम कार्ड, मोबाइल अ‍ॅप, क्यूआर कोड, आरटीजीएस या सोयीही आता निर्णायक खुणा राहिल्या नाहीत, कारण बऱ्याच पतसंस्था एखाद्या बँकेशी करार करून त्या देतात आणि आयएफएससी कोड त्या बँकेचा असतो. खात्रीचा मार्ग एकच. ठेव पावतीवरचं संस्थेचं पूर्ण नाव घ्यावं आणि ते डीआयसीजीसीच्या संकेतस्थळावरच्या विमाधारक बँकांच्या यादीत सापडतं का ते पाहावं. घरातला दहावीचा मुलगाही हे काम चार मिनिटांत करील.

विम्याची मोजणीही समजून घ्यावी, कारण तिथे चांगले शिकलेले लोक चुकतात. पाच लाखांची मर्यादा एका बँकेतल्या एका ठेवीदारासाठी आहे, शाखेसाठी किंवा पावतीसाठी नाही. एकाच बँकेच्या तीन शाखांत दोन-दोन लाख ठेवले, तरी ते सहा लाखच धरले जातात. मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाख, म्हणून पावणेपाच लाखांची ठेव मुदत संपेपर्यंत मर्यादेबाहेर जाऊ शकते. पती-पत्नीच्या संयुक्त खात्याची गणना मात्र त्यांच्या स्वतंत्र खात्यांपासून वेगळी होते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर आणखी एक मोठी सुधारणा झाली. पूर्वी बँक दिवाळखोरीत निघेपर्यंत विम्याचे पैसे मिळत नसत. आता रिझर्व्ह बँकेनं व्यवहार गोठवणारे निर्बंध घातल्यापासून ९० दिवसांत ते देण्याची तरतूद आहे.

इथे एक रास्त आक्षेप येतो. मोठ्या बँका तरी कुठे बुडत नाहीत? मार्च २०२० मध्ये येस बँकेतून पैसे काढण्यावर ५० हजारांची मर्यादा आली होती, हे सर्वांनी पाहिलं. पण त्या घटनेचा शेवटही पाहावा. ५ मार्चला घातलेली बंदी १८ मार्चला उठली, कारण स्टेट बँक आणि इतर बँकांनी तिच्यात भांडवल ओतलं. आता सहकारी बँकांकडे पाहा. पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले. तिची ७० टक्क्यांहून अधिक कर्जं एका बांधकाम समूहाकडे अडकलेली होती आणि ती हजारो बनावट खात्यांच्या आड लपवली होती. जानेवारी २०२२ मध्ये ती युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, आणि पाच लाखांवरच्या ठेवीदारांना दहा वर्षांपर्यंत टप्प्याटप्प्यानं पैसे देण्याची योजना ठरली. १९१२ साली पुण्यात स्थापन झालेली रुपी बँक फेब्रुवारी २०१३ पासून सप्टेंबर २०२२ पर्यंत निर्बंधांखाली राहिली आणि अखेर बंद झाली. तेरा दिवस आणि साडेनऊ वर्षं यांतलं अंतर योगायोगानं आलेलं नाही. सहकारी बँकेचा भाग (शेअर) दर्शनी किमतीलाच विकला जातो आणि कितीही भाग घेतले तरी मत एकच असतं. लोकशाही म्हणून ही व्यवस्था मला आदरणीय वाटते. पण संकटाच्या वेळी पाचशे कोटी घालून कारभार हाती घ्यायला कोणी पुढे येत नाही, याचंही कारण तीच आहे. सहकारी बँक आजारी पडली की बरी व्हायला वेळ लागतो. विम्याच्या मर्यादेत राहणाऱ्याला तो वेळ सोसतो, बाहेरच्याला नाही.

दुसरा आक्षेप व्याजाचा. पतसंस्था एक-दोन टक्के जास्त देते, मग का सोडावं? पाच लाखांवर दोन टक्के म्हणजे वर्षाला दहा हजार रुपये. सामान्य घरासाठी ही रक्कम लहान नाही आणि तिला कोणी नाक मुरडू नये. मात्र जास्त व्याज देण्यासाठी संस्थेला जास्त व्याजानं कर्ज द्यावं लागतं, आणि जास्त व्याजानं कर्ज घेतो तो ज्याला बँकेनं नाकारलेलं असतं. त्यांतले पुष्कळ जण प्रामाणिकपणे फेडतात, काही फेडत नाहीत. वरचे दहा हजार हा या जोखमीचा मोबदला आहे. ज्याला ती पेलवते त्यानं आपल्या बचतीतला एखादा हिस्सा तिथे जरूर ठेवावा. औषधपाण्यासाठी आणि मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या रकमेला ती पेलवत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. मोठी बँक गावातून ठेवी गोळा करते आणि कर्जं शहरात देते. शाखेत रांगेत उभं राहिलेल्या म्हाताऱ्या बाईला कोणी नीट उत्तर देत नाही, दोन वर्षांत मॅनेजर बदलतो, नव्या माणसाला भाषाही येतेच असं नाही. पतसंस्थेचा पिग्मी एजंट मात्र रोज भाजीच्या गाडीशी येऊन पन्नास रुपये घेऊन जातो. तो आला नाही, तर ते पन्नास रुपये वाचतच नाहीत. १९५१-५२ च्या ग्रामीण पत पाहणीत आढळलं होतं, की शेतकऱ्यांच्या कर्जांत सहकाराचा वाटा जेमतेम तीन टक्के आणि सावकारांचा सुमारे ७० टक्के होता. त्या परिस्थितीतून महाराष्ट्र बाहेर आला तो स्थानिक संस्थांच्या जोरावर, आणि सगळ्यांनी ठेवी मोठ्या बँकांत नेल्या तर गावातला कर्जपुरवठाच आटेल. हे सगळं मान्य करूनच मी म्हणतो, की गावच्या संस्थेला पाठबळ द्यायचं तर विमाधारक नागरी बँकेला पाच लाखांच्या आत द्यावं. हजारो ठेवीदारांच्या लहान रकमांवर चालणारी बँक चार बड्या ठेवीदारांवर चालणाऱ्या बँकेपेक्षा अधिक स्थिर असते, तेव्हा यात बँकेचंही हितच आहे. पिग्मीही चालू ठेवावी, फक्त वर्षाअखेर जमलेली रक्कम पतसंस्थेच्याच मुदत ठेवीत आपोआप वळवू न देता उचलून विमा असलेल्या जागी न्यावी.

नागरी बँक निवडताना तिच्या वार्षिक अहवालातल्या दोन-तीन आकड्यांवर बोट ठेवता आलं तरी पुरे. एक, निव्वळ एनपीए, म्हणजे तरतुदी वजा जाता थकलेल्या कर्जांचं प्रमाण. सक्षम आणि सुव्यवस्थापित बँक ठरवताना रिझर्व्ह बँक ते तीन टक्क्यांहून जास्त नसावं असं धरते. दुसरा, भांडवल पर्याप्तता, म्हणजे कर्जं बुडाल्यास धक्का झेलणारं स्वतःचं भांडवल. शंभर कोटींपर्यंत ठेवी असलेल्या लहान बँकेसाठी ते किमान नऊ टक्के लागतं, त्यांहून मोठ्यांसाठी बारा. शिवाय गेल्या चार वर्षांत किती वर्षं नफा झाला ते पाहावं. ठेवी झपाट्यानं वाढत आहेत आणि निव्वळ एनपीएही वाढत आहे, असं जोडीनं दिसलं तर नव्या ठेवींतून जुनी भोकं बुजवली जात आहेत का, ही शंका घ्यायला जागा आहे. संचालकांना आणि त्यांच्या नातेवाइकांना कर्ज देण्यास नागरी बँकांना २००३ पासून मनाई आहे, पण मागच्या दारानं कोणाच्या तरी नावावर कर्ज काढलं जातं, आणि गावाला ते अनेकदा ऐकून माहीत असतं. गावातली कुजबुज तिथे कामाला येते, फक्त ती अहवालाशी ताडून पाहावी.

पतसंस्थेतच पैसे ठेवायचे असतील, आणि काही गावांत दुसरा सोयीचा पर्याय नसतोही, तर आणखी एक प्रश्न विचारावा. संस्थेनं स्वतःची गुंतवणूक कुठे ठेवली आहे? पीएमसीत अनेक गृहनिर्माण संस्था आणि पतसंस्था यांचेही पैसे होते. पतसंस्थेची बँकेतली ठेव कोटीची असली, तरी विम्याच्या दृष्टीनं ती एकाच ठेवीदाराची ठेव असते आणि विमा पाच लाखांचाच. एकाच बँकेत सगळी गंगाजळी ठेवणारी पतसंस्था त्या बँकेचा धोका आपल्या सगळ्या सभासदांवर ओढवून घेते. हे विचारण्याची जागा म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभा. महाराष्ट्रात सहकारी संस्थांनी ती ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते. विषयपत्रिका वाचली जाते, ‘मंजूर, मंजूर’ असा आवाज होतो आणि लोक जेवणाकडे वळतात, असं अनेक गावांत घडतं. नाममात्र सभासदाला तिथे मत नाही. म्हणून ज्याची मोठी ठेव पतसंस्थेत आहे त्यानं भाग घेऊन रीतसर सभासद व्हावं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ३२ प्रमाणे सभासदाला कार्यालयीन वेळेत विनामूल्य शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, सर्वसाधारण सभेची आणि संचालक मंडळाच्या सभांची इतिवृत्तं पाहता येतात. त्यासाठी चेअरमनच्या ओळखीची गरज नाही, सभासद क्रमांक पुरतो.